सदतिसावी ओळ

माझ्या कपाटात दुसऱ्याचा एक चष्मा आहे. जाड काळ्या फ्रेमचा, डाव्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेला. कपाट आवरताना कोणी विचारलं, "हा कोणाचा गं?" की मी सांगते, "आमच्या खोतसाहेबांचा." ते जाऊन बरीच वर्षं झाली. चष्मा त्यांनी कधी परत मागितला नाही, दुसरा करून घेतला, आणि हा माझ्याकडेच राहिला. तो कसा राहिला ते शेवटी सांगते. आधी माणूस सांगायला हवा, आणि तो सांगायचा तर चिखलातूनच सुरुवात करावी लागेल.

भिवंडीच्या बाहेर भाताचं एक लहानसं सरकारी संशोधन केंद्र होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे लेखनिक-टंकलेखक म्हणून लागले. माझा जन्म भिवंडीचा, वडील कोर्टात कारकून. लूमच्या खडखडाटात झोप लागायची, पण गावाबाहेरच्या शेताशी आमचा संबंध शून्य. भात म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या, एवढंच माझं कृषिज्ञान. पहिल्या दिवशी नेमणुकीचं पत्र, नवी कोरी चप्पल आणि खळ केलेली साडी अशा थाटात गेले, तर शिपाई म्हणाला, साहेब शेतात आहेत. शेतात गेले, तर एक उंच, सडपातळ माणूस पोटरीभर चिखलात उभा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि वर शर्ट मात्र पांढराशुभ्र, इस्त्रीचा. खिशाला पेन नाही, चिमटे अडकवलेले.

"सर, मी प्रधान. हजर व्हायला आले."

"चप्पल काढा, मग बोला," ते मान वर न करता म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तेवढ्यात त्यांनी नाकावरचा चष्मा काढून, न बघताच माझ्या हातात दिला आणि ओरडले, "अहो या, या, लवकर! फुललंय! दोन तासांत मिटेल हे. तुमचं पत्र दुपारीही वाचता येईल."

मी चप्पल काढली. साडीचं काय झालं ते विचारू नका. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी भाताचं फूल पाहिलं. तीळभर हिरवं टरफल उघडलेलं आणि त्यातून सहा पिवळसर तंतू बाहेर लोंबणारे. वयाची पंचवीस वर्षं रोज दोन वेळा भात खाऊन त्याला फूल येतं हे मला ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली आणि रागही आला. राग कोणावर, ते कळेना, म्हणून मी साहेबांवरच धरला. तो साधारण आठवडाभर टिकला.

चष्मा काढून दुसऱ्याच्या हातात देणं ही त्यांची आनंदाची खूण. त्यांना लांबचं दिसत नसे, जवळचं चष्म्याशिवायच उत्तम दिसे. त्यामुळे काही विलक्षण सापडलं की चष्मा आधी उतरे आणि शेजारी जो असेल त्याच्या हाती जाई. मग शेजारचा माणूस निघून जाई आणि साहेब तासाभराने केंद्रभर चाचपडत फिरत, "माझा चष्मा कोणाकडे?" मी तो दोनदा पर्समधून घरी नेला होता. एकदा एका बकरीच्या गळ्यात सापडला. तो कोणी अडकवला हे आजवर उघड झालेलं नाही. माझा संशय शिपायावर आहे.

साहेब मूळचे भिवंडीचेच, जुन्या कोकणी मुसलमान घरातले. भाऊबंदांचे लूम होते, चुलत्यांचा लाकडांचा धंदा होता. हे एकटेच शिकून डॉक्टर झाले आणि तेही भाताचे. त्यांच्या आई म्हणे शेवटपर्यंत शेजारणींना सांगत, "आमचा मुर्तझा डॉक्टर हाय, पन पेशंट बोलत न्हाय त्याचे." हे सांगताना साहेब स्वतःच एवढे हसत, की ऐकणाऱ्याला हसायला जागा उरत नसे.

त्यांना हवं काय होतं, ते एका वाक्यात सांगता येतं. आमच्या बाजूला पाऊस धो धो पडतो, पण काही वर्षी गौरी-गणपती गेले की तोही जातो. खाचरांत साठलेलं पाणी खालच्या शेतांना पुरतं. वरच्या माळावरच्या शेतांत मात्र भात ऐन पोटरीला आलेलं असतं, म्हणजे कणीस अजून पोटात असतं, आणि जमीन तडकते. कणसं बाहेर येतात ती पांढरी, फोल. साहेबांना असं भात हवं होतं, जे अशी तीन आठवड्यांची तहान काढील आणि तरी दाणा भरील. वर खायलाही चांगलं लागेल. ही शेवटची अट त्यांनी स्वतःच घातलेली होती. ते म्हणत, "बेचव भात टिकाऊ करून काय उपयोग? गरिबाला जीभ नसते का?"

यासाठी त्यांनी आई घेतली कोलमाची, आणि बाप आणला कशेळीहून. खाडीच्या काठाला खाऱ्या जमिनीत पूर्वी एक लाल भात होई. जाड, ओबडधोबड, पण मिठालाही न डरणारं. ते लावणं बहुतेकांनी सोडून दिलं होतं. साहेब तीन रविवार कशेळीच्या घराघरांतून विचारत फिरले. शेवटी एका म्हाताऱ्याच्या पडवीत, उंदरांना पोचता येऊ नये म्हणून वाशाला टांगलेली एक जुडी सापडली. म्हातारा म्हणाला, "ह्या काय खाशील सायेब? कोंबड्यांना टाकतंव आमी." साहेबांनी तिथेच चष्मा काढला. परत येताना बसमध्ये ती जुडी त्यांनी मांडीवर घेतली होती आणि शेजारच्या प्रवाशाला कशेळी ते भिवंडी भाताची वंशावळ ऐकवली. मी त्यांना विचारलं होतं, की खाऱ्या जमिनीतलं भात कोरड्या जमिनीत कशाला? तर म्हणाले, "प्रधानबाई, खारीत पाणी असतं, पण पिता येत नाही. तीही तहानच. तिथे जगलेल्याला तहान ओळखीची असणार." आणि लगेच पुढे, "असं मला वाटतं. भाताला काय वाटतं ते बघू."

हा त्यांचा ठरलेला शब्द. कोणत्याही वादाचा शेवट त्यावर होई. पुस्तक काय म्हणतं, वरचे साहेब काय म्हणतात, मी स्वतः काय म्हणतो, हे सगळं झालं की "भाताला विचारू."

आई-बाप मिळाले तरी लग्न लावणं सोपं नव्हतं. भाताचं फूल आपलाच पराग आपल्यावर पाडून मोकळं होतं. म्हणून आदल्या दिवशी ते उघडायच्या आत त्याचं टोक कातरायचं, आतले सहाच्या सहा तंतू चिमट्याने काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही, वर कागदी पिशवी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या भाताचा पराग त्यावर झटकायचा. एका कणसात अशी शंभर फुलं. माणूस मिळेना. मीही बसून पाहिलं. अख्ख्या सकाळीत माझी अकरा फुलं झाली आणि त्यातली नऊ मेली. साहेब म्हणाले, "तुम्ही टाइपच करा."

मग एक दिवस ते सिराजला घेऊन आले. सिराज हा उत्तरेकडून आलेला लूमवरचा कारागीर. लूमवरचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपलं की जुन्या बीमची प्रत्येक तार नव्या बीमच्या तारेला गाठ मारून जोडावी लागते. हे त्याचं काम. बोटं अशी चालत की गाठ पडताना दिसत नसे. लाइट गेली की लूम बंद आणि सिराज रिकामा. साहेबांनी त्याला चहाच्या टपरीवर सुताला गाठी मारत बसलेला पाहिला आणि उचलून आणला. फूल दाखवलं. सिराजने ते प्रकाशाकडे धरलं आणि म्हणाला, "छे तार हैं, बस? साहब, उधर तो मैं दिन के दो हजार जोडता हूँ. ये तो निकालना है, जोडना भी नहीं."

तासाभरात त्याने एक अख्खं कणीस संपवलं. साहेबांनी भिंगातून एकेक फूल तपासलं. एकही तंतू उरलेला नाही, एकही फूल दुखावलेलं नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला आणि सिराजला मिठीच मारली. सिराजच्या अंगावरचा कापूस साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला चिकटला. त्यानंतर गावात लाइट गेली की बाकी सगळी भिवंडी वैतागे आणि आमच्या केंद्रात आनंदीआनंद होई. साहेब दारात येऊन सिराजच्या सायकलची वाट बघत उभे राहत.

त्या लग्नाच्या पोरांची पोरं, त्यांची पोरं, असं करत सात-आठ पावसाळे गेले. दरवर्षी हजारो रोपांतून निवडायचं, बाकीचं सोडायचं. निवडलेलं शिजवायचं. ते काम त्यांच्या घरी चाले. त्यांच्या बेगम, आम्ही त्यांना भाभी म्हणायचो, पाच-सहा छोट्या पातेल्यांत वेगवेगळा भात करीत आणि आम्हाला ताटाभोवती बसवून साहेब फर्मावत, "खा आणि खरं बोला." वरण नाही, कालवण नाही, नुसता भात. मी एकदा म्हटलं, "गोड आहे." तर "गोड म्हणजे? वास गोड, की चावल्यावर गोड, की मऊ आहे म्हणून गोड वाटतो?" अशी उलटतपासणी. भाभी मागून हळूच माशाचं कालवण वाढत. साहेबांना ते दिसलं की म्हणत, "झालं! पुरावा नष्ट केला."

शेवटी साठ वाण उरले. आता खरी परीक्षा, तहानेची. आणि तहान आमच्याकडे आणायची कुठून? पाऊस आपला पडतोच आहे. साहेबांनी ट्रकवर घालतात तसल्या दोन मोठ्या ताडपत्र्या पैदा केल्या. त्या बांबूच्या मांडवावर गुंडाळून ठेवल्या आणि खाली साठ ओळी लावल्या, प्रत्येकीला आकड्याची खुंटी. भात पोटरीला आलं की पाणी तोडायचं आणि आभाळ भरून आलं की सगळ्यांनी धावत जाऊन ताडपत्री ओढायची. सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा. टाइपरायटरवर अर्धवट कागद सोडून, पदर खोचून, चपला भिरकावून मी पळायची. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून बघत. सारा जिल्हा पावसाकडे डोळे लावून बसलेला आणि सरकारी माणसं भातावर छत्री धरतायत! एकदा एका वरच्या साहेबांनी रस्त्यावरूनच सुकलेलं भात पाहिलं आणि पत्र धाडलं, की पिकास पाणी न दिल्याबद्दल खुलासा करावा. साहेबांनी मला एकच ओळ सांगितली. ती मी टाइप केली: "पिकास पाणी मुद्दाम दिलेले नाही, हेच संशोधन आहे." त्यावर आमच्या केंद्रात दोन दिवस हसणं पुरलं.

पण वरच्यांना हसू आलं नाही. ते पुढच्या पावसाळ्याआधी एकदा येऊन स्पष्ट सांगून गेले. आठ वर्षं झाली, हाती काही नाही. या हंगामात फरक डोळ्यांना दिसला तर ठीक, नाहीतर हे काम बंद आणि डॉक्टर खोत ठाण्याच्या कचेरीत, टेबलावर. साहेब "बरं" म्हणाले. वरचे गेल्यावर मात्र खोतसाहेब बांधावर जाऊन बसले. चिखलाशिवाय दुसरीकडे बसलेला हा माणूस मला कल्पनेतही दिसत नव्हता.

आता जनीबाय सांगायला हवी. जवळच्या पूर्णा गावची जनीबाय आमच्याकडे रोजावर होती. लावणीला तिच्या हाताइतका हात नाही. पन्नाशीची, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि बोलणं असं, की साहेबांनाही सुटका नाही. तिचं स्वतःचं पूर्ण्याला माळावर एक तुकडा शेत होतं. तिला हे तहानेचं प्रकरण पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. "सायेब, भात पोटरीला आलाय. पोटुशी बाईला कोन तहानेली ठेवतो का?" साहेब समजावत, ती मान हलवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिच्या गावी भात पोटरीला आलं की बायका बांधावर हळदकुंकू वाहून येत. अशा भातासमोर मोठ्याने भांडतसुद्धा नाहीत, असं तिने मला एकदा सांगितलं होतं.

त्या हंगामात पाणी तोडून तेरा दिवस झाले. पानं दुपारी वळून सुयांसारखी होऊ लागली. सोमवारी वरचे साहेब येणार होते. शुक्रवारी दुपारी खोतसाहेब नमाजाला गेले, मी डबा खात होते. तासाभराने साहेब परतले आणि सवयीने सरळ मांडवात गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही, म्हणून मी बाहेर आले. एरवी मांडवात गेले की त्यांचा आवाज फाटकापर्यंत येई.

जमीन ओली होती. मांडवाच्या टोकाला जनीबाय हंडा घेऊन उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी घातला पानी," ती म्हणाली. "मना बगवंना, सायेब. मारायचा तर मारा."

मी आजवर कोणाला असं बसलेलं पाहिलेलं नाही. साहेब होते तिथेच, ओल्या मातीत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी बसले. आठ वर्षं. कशेळीची जुडी, सिराजची बोटं, हजारो पिशव्या, सगळं त्या हंड्यात गेलं होतं. मला जनीबायचा इतका राग आला की मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले,

"जनीबाय, सगळ्यांना घातलंस?"

"न्हाय."

"मग?"

"रडत व्हत्या त्यांना घातला. पानां मिटून बसलेल्या त्यांना. ही एक रडत न्हवती." तिने हंडा खाली ठेवला आणि एका ओळीपाशी जाऊन उभी राहिली. "हिची पानां उघडी व्हती. हिला तहान न्हाय, तर हिला कनाला घालू?"

खुंटीवर आकडा होता सदतीस.

साहेब उठले. त्या ओळीच्या बुंध्याशी बोटं खुपसली. कोरडी. शेजारच्या दोन्ही ओळींत चिखल आणि ही मधली कोरडी ठणठणीत, पानं सपाट, हिरवी. त्यांनी चष्मा काढला. हात लांब केला तो जनीबायकडे. तिने तो घेतला आणि काय करायचं ते न कळून पदरात धरून ठेवला. साहेब गुडघ्यांवर बसून एकेक पान बघत होते आणि मध्येच हसत होते. "प्रधानबाई! साठ ओळी होत्या, साठ! मी सोमवारी पट्टी घेऊन मोजणार होतो. हिने हंडा घेऊन मोजल्या!"

पण खरी अडचण सोमवारी आली. पाणी मिळालेलं भात दोन दिवसांत तरतरीत झालं. वरचे साहेब मांडवात शिरले, तर साठच्या साठ ओळी हिरव्यागार. ते थक्क झाले. "दोन आठवडे पाणी नाही ना?" त्यांनी विचारलं. "आणि तरी अशा? खोत, कमाल केलीत! साठही टिकल्या की!"

मी साहेबांच्या मागे वही घेऊन उभी होते.  त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. बदली रद्द, काम चालू, पुढच्या वर्षी पुन्हा नीट परीक्षा घेता आली असती. मी मागून पुटपुटलेसुद्धा, "साहेब, राहू दे ना. कोणाला कळणार आहे?"

खोतसाहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "भाताला कळेल, प्रधानबाई," म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी सांगून टाकलं, "नाही साहेब. शुक्रवारी पाणी घातलं गेलं. यंदाची परीक्षा बाद आहे."

"कोणी घातलं?"

जनीबाय बांधावर बसून विळ्याला धार लावत होती. तिचा हात थांबला.

"माझ्या देखरेखीत घातलं गेलं," साहेब म्हणाले. "म्हणजे मीच."

त्या संध्याकाळी त्यांनी मला अहवाल सांगितला. "पिकास पाणी घातले गेले. निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत." हे वाक्य टाइप करताना मी दोनदा चुकले आणि दोनदा कागद बदलला. महिनाभरात बदलीचा हुकूम आला. जाताना त्यांनी वरच्यांकडे एकच गोष्ट मागितली. सदतीस नंबरचं बी शेतकऱ्याच्या शेतावर लावून बघायची परवानगी. पीडा टळते म्हणून ती लगेच मिळाली. शेतकऱ्याचं नाव टाइप करायला मला पत्ता विचारायची गरज पडली नाही.

पूर्ण्याच्या त्या माळावर पहिल्या वर्षी मूठभर बी लागलं. साहेब ठाण्याच्या कचेरीतून घरी येताना कशेळीच्या पुढे, पूर्ण्याला उतरत, शेत बघत आणि पुढच्या बसने भिवंडीला येत. भात चांगलं आलं. पण पाऊसही चांगला झाला, अगदी दसऱ्यापर्यंत! दुसऱ्या वर्षी तेच. साऱ्या गावात आनंद आणि साहेबांचा चेहरा पडलेला. मला फोनवर म्हणाले, "यंदाही भरपूर पाऊस, प्रधानबाई. काय करावं या पावसाला?" त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे कारकून एव्हाना त्यांना वेडा समजू लागले होते. तोवर शेजारच्या दोघीतिघींनी जनीबायकडून बी नेलं होतं, चव आवडली म्हणून. नाव विचारलं तर ती सांगे, "सदतीस." तेच नाव पडलं.

आणि तिसऱ्या वर्षी, तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं, गणपती बुडाले आणि आभाळ स्वच्छ झालं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी कामात होते आणि फोन वाजला. इतका मोठा आवाज की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "प्रधानबाई! पाऊस गेला! गेला! निघा!" मागे ठाण्याच्या कचेरीत सगळे काम थांबवून ऐकत असणार. "आत्ता? सकाळचे अकरा वाजलेत," मी म्हटलं. "म्हणूनच! रडायची वेळ बाराची!"

मी अर्धी रजा टाकली आणि एसटी पकडली. पूर्ण्याच्या थांब्यावर साहेब आधीच उभे होते. हातात मिटलेली छत्री, केस पूर्ण पांढरे झालेले, शर्ट मात्र तसाच. रस्त्याकडेला एका गोदामाचं नवं पत्र्याचं छप्पर चमकत होतं, ट्रक उभे होते. त्यामागून माळावर चढलो. डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे भात मिटलेलं. पानं वळलेली, जमिनीला भेगा, मधूनमधून पांढरी फोल कणसं. मग जनीबायचा बांध आला.

साहेबांनी काही सांगायच्या आत मी चप्पल काढली.

तिचं शेत उघड्या पानांनी उभं होतं. हिरवंगार म्हणणार नाही, पिवळसर झाक होती. पण पानं सपाट आणि कणसं वाकलेली. भरून वाकलेली! शेजारच्या ज्या दोन तुकड्यांत तिचं बी गेलं होतं, तेही तसेच उभे. बाकीच्या माळावर हे तीन तुकडे लांबूनसुद्धा ओळखू येत होते. मला रडू फुटलं, आणि साहेब मात्र कठोर चेहऱ्याने बांधावर थांबले.

"जनीबाय," ते म्हणाले, "पाणी घातलंस?"

ती धावतच आली होती. आता थकली होती, धाप लागली होती. तिने दोन्ही हात गळ्याशी नेले. "न्हाय, सायेब. आवशीची शपत. एक तांब्या न्हाय. येताना-जाताना तोंड फिरवून जातंव, बगत सुदीक न्हाय, हात शिवशिवतान म्हनून."

तरीही साहेबांनी वाकून एका भेगेत बोट घातलं. पूर्ण बोट आत गेलं. बाहेर काढून त्यांनी ते मला दाखवलं. कोरडी धूळ. मग त्यांनी एक दाणा काढला, दाताखाली धरला. कट् असा आवाज मलाही ऐकू आला. त्यांनी चष्मा उतरवून माझ्या हातात दिला.

"लिहा, प्रधानबाई."

माझ्याजवळ वही नव्हती. पर्समध्ये एसटीचं तिकीट होतं, त्याच्या मागे लिहिलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "पिकास पाणी घातलेले नाही."

"काय लिवलात?" जनीबायने विचारलं. मी वाचून दाखवलं. तिने तिकिटाकडे वाकून बघितलं, जणू अक्षर ओळखत होती, आणि म्हणाली, "खरा हाय."

मला चारपर्यंत घरी परतायचं होतं. साहेब येईनात. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. मी थांब्यावर आले, बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली. बस सुटली तेव्हा माळ दिसत होता. शेताच्या मधोमध पांढरा शर्ट, उघड्या छत्रीची सावली एका कणसावर धरलेली, आणि नाक पानांना टेकेल इतकं खाली. जनीबाय कमरेवर हात ठेवून त्यांना काहीतरी दटावत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चष्मा माझ्या हातातच आहे. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडले, "साहेब! चष्मा! तुमचा चष्मा!"

त्यांनी मान वर केली नाही. नुसता एक हात उंच केला आणि जोरात हलवला.

"राहू दे!" त्यांचा आवाज ट्रकांवरून आला. "दिसतंय! दिसतंय मला!"